हात मागं, नजर फळ्यावर

आयुष्यात मी मूर्खपणा पुष्कळ केला, पण त्यातला सगळ्यांत सुशिक्षित मूर्खपणा हा: पहिलीतल्या सहा-सहा वर्षांच्या पोरांना मी बोटं मोजायला बंदी केली.

बंदी म्हणजे साधीसुधी नाही. बेरजेची वेळ झाली की मी फळ्याशी ताठ उभी राहायचे आणि ओरडायचे, “हात मागं, नजर फळ्यावर!” की अख्खा वर्ग पोलिसांनी धरून आणल्यासारखा हात पाठीशी बांधून बसायचा. मी बी.एस्सी. होते ना! गणितात. गंगापूरकडच्या ऊसवाल्या घरातली पहिली पदवीधर मुलगी. शून्याचा शोध लागला तेव्हा आपणच शेजारी उभ्या होतो, अशा थाटात चालायचे. पोपटी नायलॉनची साडी, खांद्याला पर्स आणि पर्समध्ये लॉगॅरिथमचं पुस्तक. पहिलीच्या वर्गावर लॉगॅरिथम घेऊन जाणारी बाई माझ्याआधी झाली नसेल, पुढंही होऊ नये.

हे सगळं आज आठवतंय, कारण परवापासून सकाळची शाळा सुरू झाली. मार्च लागला, ऊन तापायला लागलं की आमच्याकडं शाळा पहाटेच्या गारव्यात ढकलतात. आता गॅलरीत चहा घेऊन बसते तर खाली रिक्षा दिसतात; निम्मी पोरं झोपेत, निम्मी भांडणात. समोरच्या लिंबाला बारीक पांढरा फुलोरा आलाय. सकाळी थोडा वेळ त्याचा गोडसर वास येतो, मग ऊन चढतं आणि डांबराचा वास त्याला हुसकून लावतो. शहराचं नाव बदललं, औरंगाबादचं संभाजीनगर झालं, आमच्या गल्लीत चारचाकी लावायला जागा उरली नाही. पण सकाळच्या शाळेचा वास तोच. न्हालेल्या पोरांच्या केसांतलं खोबरेल, खडूची भुकटी, भरलेल्या ओल्या माठाची माती. सातला फरशी गार लागायची. साडेनऊला पत्रे तडतडायला लागायचे. आणि दहानंतर वर्गात जे काही शिकवलं जायचं, ते शिकवणारीला आणि शिकणाऱ्यांना सारखंच कळायचं नाही.

हा वास मला आवडतो असं कुणी समजू नये. हा वास आला की माझं डोकं फिरतं.

त्यात काल ऋतुजाचा फोन. ऋतुजा माझी नात. गणितात एम.एस्सी., बी.एड., आणि पिशोरकडच्या एका खेड्यात सरकारी शाळेवर आहे. हट्टानं पहिली मागून घेतली तिनं. सांगत होती, “आजी, आज काय झालं माहितीये? मुख्याध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले, मॅडम, तुमच्यासारखी हुशार बाई पहिलीत वाया चाललीय. पुढच्या वर्षी तुम्हाला सातवी-आठवी देतो. आणि सगळ्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काय मला बढतीच मिळाली.”

“मग तू काय म्हणालीस?”

“थँक्यू म्हणाले. तोंडातून निघून गेलं गं.”

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण दोन भांडी आपटली. सुनेनं विचारलं, “काय झालं, आई?” मी म्हटलं, “काही नाही, वाया चाललेय.”

वाया! म्हणजे इतक्या वर्षांत काही म्हणजे काही हललं नाही.

आमची शाळा औरंगपुऱ्याच्या मागच्या बाजूला होती. एकाच आवारात खालच्या अंगाला पत्र्याच्या वर्गांत प्राथमिक, वरच्या अंगाला हायस्कूल. शिक्षकांची खोली मात्र एक. त्या खोलीत छताला एकच पंखा. पंख्याखाली टेबल, त्याला हातवाल्या खुर्च्या. तिथं गणित आणि इंग्रजी बसायचं. माणसं नव्हेत, विषय बसायचे. त्यांच्या बाजूला विज्ञान. वारा थोडा कमी लागेल अशा अंतरावर इतिहास-भूगोल. मराठी आणि हिंदी बिनहाताच्या खुर्च्यांवर. चित्रकला आणि कवायत खिडकीपाशी, जिथून झळा यायच्या. आणि दाराजवळ, माठाला लागून, एक बाकडं. त्यावर प्राथमिकच्या बाया. पाणी प्यायला उठणारा प्रत्येक जण त्यांच्या अंगावरून हात घालूनच ग्लास काढायचा. चहा आला की पंख्याखाली कपबशी, बाकड्यावर काचेचे ग्लास. कोण किती लहान मुलांना शिकवतं यावर कुणाला किती वारा मिळणार हे ठरलेलं. कुणी ठरवलं, विचारू नका. अशा गोष्टी कुणी ठरवत नाही, म्हणून तर त्या मोडता येत नाहीत.

मी कुठं बसत होते? पंख्याखाली! आल्या दिवसापासून. तिथं बसून कपबशीतून चहा पिताना बाकड्याकडं बघून मला वाटायचं, बिचाऱ्या. माझ्या हाती आज ती मुलगी लागली तर तिची कपबशी मी तिच्या पर्समध्ये ओतीन.

बाकड्याच्या टोकाला सोजरबाई बसायच्या. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, मराठी शाळा भराभर उघडल्या, आणि शिकवायला बाया मिळेनात; तेव्हा सातवी झालेल्या सोजरबाईंना शाळावाल्यांनी घरी येऊन बोलावून नेलं होतं. त्यांची सातवी उर्दूतून. मराठी बाराखडी त्या पोरांच्या दोन दिवस आधी शिकल्या आणि पोरांना शिकवली, असं त्या स्वतःच सांगायच्या, वर हसायच्या. तेव्हापासून पहिली त्यांची. बाई म्हणून गरीब गाय मुळीच नव्हत्या. तोंडात मिश्री, आवाज चढा, आणि कुणाच्याही नावानं खडे फोडायला कधी मागं नाहीत. मला त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “काय गं सायन्स, लई सेंट मारलास. पोरं फळ्याकडं बघतील का तुझ्याकडं?” पुढं कायम मला ‘सायन्स’च म्हणायच्या. मला राग यायचा. पण त्यांनी वर्गाबाहेर पाऊल टाकलं की मधल्या सुट्टीतली सगळी बारकी पोरं त्यांच्या लुगड्याला लोंबकळायची, ते बघून त्याहून जास्त राग यायचा. दहावीची पोरं मला बघून नुसती उठून उभी राहायची.

त्या मार्चात सोजरबाईंच्या अजिंठ्याच्या लेकीचे पहिल्या बाळंतपणाचे दिवस भरले. रजा टाकून त्या गेल्या. हेडमास्तरांनी मला बोलावलं. “दहावीचा तुमचा कोर्स झालाय. परीक्षेपर्यंत खाली पहिलीवर बसा.”

“सर, मी पहिलीवर?”

“बसायचंच आहे, मॅडम. तिथं शिकवायचं काय असतं?”

मी अपमानानं लाल झाले. पण का, हे ऐका. ‘तिथं शिकवायचं काय असतं’ हे वाक्य मला खटकलं नाही. ते मला अगदी पटलं. म्हणून तर अपमान वाटला.

पहिल्या दिवशी मी उभी राहून बेरीज समजावून सांगितली. दहावीला देते तसं, व्याख्येसकट. मग विचारलं, “कुणाला काही शंका?” पुष्कळांना होत्या. एकाला लघवीला जायचं होतं. एकीला तिचा दात हलतोय हे दाखवायचं होतं. एक जण म्हणाला, “बाई, आमच्या म्हशीला रेडकू झालं.” दुसरा म्हणाला, “बाई, याच्याकडं म्हैसच नाय.” त्यावरून मारामारी. आणि रुक्मी नावाची एक बारकी पोर शांतपणे उठून आली, माझ्या पोपटी पदराला नाक पुसलं आणि जाग्यावर जाऊन बसली. तिला शंका नव्हती. फक्त पदर हवा होता.

दहावीचा वर्ग आणि पहिलीचा वर्ग यांत फरक काय, हे मला त्या आठवड्यात कळायला हवं होतं. दहावीतलं पोरगं काही समजलं नाही तर गप्प बसतं, आणि शिकवणाऱ्याला वाटतं, वा, काय शिकवलं मी! पहिलीतलं पोर समजलं नाही तर उठून निघून जातं. लगेच हिशेब. पण मी शहाणी. मला वाटलं, या पोरांना वळण नाही.

त्यात बेरजा. सोजरबाईंनी त्यांना घरोघरी आज्या शिकवतात तसंच शिकवलेलं: अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवत न्यायचा. पंधरा-वीसपर्यंतची बेरीज ती पोरं ओठ हलवत, अंगठा फिरवत बरोबर काढायची. मला ते बघवेना. दहावीत काही पोरं बाकाखाली हात घालून बोटं मोजताना मी पकडली होती. मी निदान केलं: रोगाचं मूळ इथं खाली आहे. मुळातूनच उपटते. आणि सुरू झालं, “हात मागं, नजर फळ्यावर!” गणित डोक्यात करायचं असतं, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. सहा वर्षांचं डोकं कुठवर आलेलं असतं, हे बघायची माझी तयारी नव्हती. चार-सहा दिवसांत वर्ग चिडीचूप झाला. कुणी चुकेना, कारण कुणी बोलेनाच. मी खूश. म्हटलं, लागलं वळण.

आणि वार्षिक तपासणीचे साहेब आले.

दहा वाजून गेलेले. पत्रे तापलेले. साहेब घामाघूम होऊन खुर्चीत बसले, शेजारी हेडमास्तर रुमालानं त्यांनाच वारा घालतायत असे उभे. मी वर्गाच्या मागं, भिंतीला टेकून. साहेबांनी रुक्मीला उठवलं. प्रेमानं विचारलं, “आठ आणि पाच किती, बाळ?”

रुक्मी उभी राहिली. हात मागं, नजर फळ्यावर. साहेबांना तिचा चेहरा दिसत होता. मला तिची पाठ दिसत होती. आणि पाठीमागं बांधलेल्या त्या इवल्या हातांत अंगठा चालायला लागला होता. हळूच. एक पेर, दोन पेरं. ती नऊ, दहा करत अकरापर्यंत आली असेल, आणि तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

मी डोळे वटारले.

अंगठा थांबला. रुक्मी गप्प. मग दुसरा गप्प, तिसरी गप्प. अख्खा वर्ग गप्प, आणि सगळ्यांची नजर फळ्यावर, जसं काय उत्तर तिथं कुणीतरी लिहून ठेवलंय.

“वर्ग कुणाचा?” साहेबांनी विचारलं.

“सोजरबाई म्हणून आहेत, साहेब,” हेडमास्तर चटकन म्हणाले. “रजेवर गेल्यात. जुन्या सातवी पास, त्याही उर्दूवाल्या. या मॅडम आत्ता आल्यात, बदली. या आमच्या बी.एस्सी.”

साहेबांनी माझ्याकडं कणवेनं पाहिलं. “वर्षभर काही झालेलं दिसत नाही. तुम्ही तरी काय करणार!”

मी काही बोलले नाही. ‘तुम्ही तरी काय करणार’ हे ऐकून आत कुठंतरी गार वाटलं, हे खरं. आज इथं लिहिताना मला त्या हेडमास्तराचा राग येतो, साहेबाचा येतो, त्या पंख्याचा येतो. पण त्या गार वाटण्याचा जो येतो, त्याला तोड नाही. म्हातारपणी माणूस मवाळ होतं म्हणतात. खोटं आहे. दात गेले तरी चावायची इच्छा जात नाही.

सोजरबाई आठवड्यानं परतल्या. नातू झालेला, स्वारी खुशीत. डब्यात डिंकाचे लाडू आणले होते आणि वाटायला सुरुवात बाकड्यापासून केली, पंख्याखालच्यांना शेवटी. मला लाडू देताना म्हणाल्या, “घे सायन्स. पोरांनी तरास नाय ना दिला?” तेवढ्यात हेडमास्तर आत आले. सगळ्यांच्या देखत, लाडू हातात घेऊन, म्हणाले, “सोजरबाई, जूनपासून पहिली तुमच्याकडं नाही. साहेबांनी फार नाराजी दाखवली. तुम्ही मुलींचं शिवण घ्या.”

“शिवण?” सोजरबाई म्हणाल्या. “सर, मला सुईत दोरा ववता येत नाय. चष्मा लागलाय मला.”

“जमेल हो. बायकांना जमतंच.”

भूगोल लाडू चघळत राहिला. जिला पोत्यासारखं इथून उचलून तिथं टाकलं होतं, ती बाई हातात उघडा डबा धरून उभी. पहिली गेली तर तिचं या शाळेत दुसरं काही नव्हतं, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होतं.

मी उठले. हे एक काम माझ्यातल्या त्या मूर्ख मुलीनं बरं केलं, म्हणून तिला मी अजून घरात राहू देते. म्हटलं, “सर, चूक माझी आहे. पोरांना बेरीज येते. मी त्यांना बोटं मोजू देत नव्हते. साहेबांसमोर रुक्मी मोजत होती, मी तिला डोळे दाखवले.”

हेडमास्तर हसले. काय गोड हसले! “मॅडम, हा तुमचा मनाचा मोठेपणा आहे.”

“मोठेपणा नाही सर, खरं सांगतेय.”

“असू द्या हो. पहिलीची बेरीज बी.एस्सी.ला शिकवता आली नाही, हे कुणाला सांगून पटेल?”

कुणालाच पटलं नाही. खोटं बोलले असते तर चौकशी झाली असती, पण मी खरं बोलले, तर सगळ्यांनी माझ्या चांगुलपणाकडं कौतुकानं पाहिलं. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “चला वर्गात. आत्ता चला.” हेडमास्तरांना जवळजवळ ओढतच खाली नेलं. मागून सोजरबाई, डबा घेऊन. वर्गाच्या दारात उभी राहून मी ओरडले, “हात पुढं! सगळ्यांनी हात पुढं! मोजा!”

पोरांनी आधी माझ्याकडं, मग सोजरबाईंकडं बघितलं. सोजरबाईंनी नुसती मान हलवली. आणि मग काय! आठ आणि पाच, नऊ आणि सहा, सात आणि सात. मी विचारतेय, आणि सगळीकडून उत्तरं. पोरं बाकांवर उभी. रुक्मी तर न विचारताच ओरडत होती, “तेरा! बाई, ते आठ नि पाच तेरा!” मी हेडमास्तरांकडं वळले. डोळ्यांत पाणी, छाती फुगलेली. जिंकले असं वाटलं.

हेडमास्तर थक्क झाले होते. म्हणाले, “कमाल आहे मॅडम! आठवड्यात तुम्ही वर्गाचा कायापालट केलात!”

त्यांना डोळे होते, कान होते, पोरांचे अंगठे समोर पेरांवरून पळत होते. पण त्यांच्या लेखी पोरांना काही आलं तर ते बी.एस्सी.मुळं, आणि नाही आलं तर ते सातवी पासमुळं. मधे दुसरं गणित नव्हतं.

“ठरलं,” ते म्हणाले. “जूनपासून पहिली तुमचीच. अहो, शहरात कुठल्या शाळेत पहिलीला बी.एस्सी. बाई आहे? पालकांच्या रांगा लागतील.”

लागल्या. खरोखर लागल्या. गुलमंडीवरच्या कापडवाल्यांची पोरं आली, डॉक्टरांची आली. पुढं निवृत्त होईपर्यंत मी पहिलीच शिकवली. लोक म्हणायचे, काय त्याग! निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि ‘इवल्या पंखांना बळ देणाऱ्या’ अशी भाषणं झाली. मी मंचावर बसून नारळाच्या शेंड्या उपटत होते. पहिली शिकवणं हा त्याग, का? दहावी शिकवणाऱ्याला कुणी त्यागी म्हणत नाही. पहिली कुणी मागून घेतली की तिचं काहीतरी वाया गेलं, असंच धरून चालायचं; आणि वाया जायला जिच्याकडं पदवी नाही, तिच्याकडून तर वर्गच काढून घ्यायचा. वर्षानुवर्षं मी पोरांना शिकवायला शिकले, पडत, झडत, पदराला नाकं पुसून घेत. शिवणाच्या खोलीतून सोजरबाई दिसायच्या; चष्मा नाकावर, सुई दूर धरलेली, आणि मोठ्या मुली त्यांना दोरा ओवून द्यायच्या. मधल्या सुट्टीत माझी पोरं खेळायची. त्या खिडकीतून बघायच्या. खाली यायच्या नाहीत.

आज ऋतुजाला पुन्हा फोन लावला. सांगितलं, उद्या जा आणि तुझं ते थँक्यू परत घे. ती म्हणाली, “आजी, तू उगाच चिडतेस. ते चांगल्या भावनेनं म्हणाले.” म्हटलं, बाळा, आमचेही सगळे चांगल्या भावनेनंच म्हणाले होते. चांगल्या भावनेनं एका बाईचं सगळं उचलून दुसरीच्या ओटीत टाकलं, आणि दुसरीनं ओटी पसरून ठेवली.

कारण मी नाही म्हटलं नव्हतं. नोकरी अजून कायम व्हायची होती. घरी पैसे पाठवावे लागत होते. कारणं चांगली होती. कारणं नेहमीच चांगली असतात.

पहिली माझी ठरली त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सोजरबाईंच्या घरी गेले, शहागंजाच्या पलीकडं. भर दुपार, गल्लीत चिटपाखरू नाही. त्या अंगणात बाजेवर कुरडया घालत होत्या. सोऱ्यातून कुरडई गोल पडत होती. मला बघून थांबल्या नाहीत. मी उन्हात उभी. म्हटलं, “बाई, मी किती सांगितलं, ते ऐकतच नाहीत. तुम्ही बघितलंत ना?”

“बघितलं.”

“माझी चूक होती. मला माफ करा.”

एक कुरडई, दुसरी कुरडई. मला रडू फुटलं. नायलॉनचा पदर, त्याला अश्रूसुद्धा टिपता येत नाहीत. मी म्हटलं, “तुम्ही म्हणाल ते करते, बाई.”

तेव्हा त्यांनी सोऱ्या खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले, आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, “रडू नको. माफीचं काय करू मी, कुरडयात घालू? मला माझी पहिली पायजे. देतीस?”